घावलं नाय

शोधणे हाच माझा जन्मभराचा धंदा होता, असे मी म्हटले तर कुणाला वाटेल की मी पोलीस खात्यात होतो, नाहीतर मोठा संशोधक होतो. तसे काही नव्हे. मुंबईच्या एका ग्रंथालयात मी चौतीस वर्षे कार्डे लावली. लाकडी कपाटे, त्यांना लहान लहान खण, खणात पितळी सळईत ओवलेली कार्डे. वाचक यायचा, पुस्तकाचे नाव सांगायचा आणि माझी बोटे त्या खणात शिरायची. पन्नास हजार पुस्तकांतले एक पुस्तक मी अर्ध्या मिनिटात सांगत असे. याचा मला त्या काळी मोठा अभिमान होता. आमच्या खात्यात एक म्हण होती, ती कुणी केली ठाऊक नाही: चुकीच्या खणात गेलेले कार्ड म्हणजे हरवलेले पुस्तक. पुस्तक फडताळात शाबूत असते, धूळ खात असते, पण जगाच्या लेखी ते नसते.

ही म्हण निवृत्त झाल्यावर मी विसरून गेलो होतो. ती मला पुन्हा आठवली वरंधला, माझ्या चुलतीच्या पडवीत.

वरंध हे आमचे गाव. महाडहून भोरकडे जाणारा रस्ता बिरवाडी मागे टाकून घाटाला लागतो, त्याच्या अगोदर पायथ्याला. वर कावळ्या किल्ला, समोर सह्याद्रीची भिंत. पावसाळ्यात घाट वरचेवर बंद होतो आणि मग घाटापलीकडचे पुणे लंडनइतके दूर जाते. मुंबई मात्र आम्हाला कधी दूर वाटली नाही. महाड-पोलादपूरच्या घराघरांतून एकेक पुरुष गिरणीत असे. शेत भातापुरते, भात दिवाळीपुरते, आणि बाकीचे वर्ष मनिऑर्डरीवर.

माझे काका परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आधी कित्येक वर्षे बदली कामगार म्हणून रोज सकाळी दरवाजावर उभे राहायचे, कुणी गैरहजर असला तर आत घेत. पुढे कायम झाले. 1968 साली मी अठरा वर्षांचा पोरगा त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो आणि गावकीच्या खोलीत राहिलो. ज्यांनी ती खोली पाहिली नाही त्यांना सांगून खरे वाटणार नाही. दहा बाय बारा फुटांची जागा, भिंतीशी ओळीने पत्र्याच्या पेट्या, खुंट्यांवर वळकट्या, आणि वीस-बावीस माणसे. सगळी एकदम झोपत नसत म्हणून मावत. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच्या जागी पडे. काकांनी मला आपली जागा दिली आणि स्वतः दोन वर्षे रातपाळी मागून घेतली. मी दिवसा ग्रंथालयात शिपाई, ते रात्री साच्यावर. ही गोष्ट त्यांनी मला कधी बोलून दाखवली नाही. मला ती कळायलाही पुष्कळ वर्षे लागली.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अडीच लाख माणसे बाहेर आली आणि त्यांतली पुष्कळ पुन्हा आत गेलीच नाहीत. काका पेटी घेऊन वरंधला परतले. नऊ वर्षांनी वारले. पेटी राहिली. तिच्यात गिरणीचा पास, विमा कार्ड, निधीची चिठ्ठी, असे चार कागद होते.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे द्यायची असे ठरले, 2012 साली पहिली मोठी सोडत निघाली. अर्ज लाखाच्या वर गेलेले. काकींनीही अर्ज केला होता. वरंधच्या घराचे छप्पर गळते म्हणून ती पेटी त्यांनी महाडला लेकीकडे ठेवली, पक्क्या घरात, कोरड्या जागी. आणि 2021 च्या जुलैत महाडात पाणी चढले. पेटी दोन दिवस पाण्याखाली होती. उघडली तेव्हा आत कागद नव्हते, लगदा होता. त्याच 22 जुलैच्या संध्याकाळी तळियेवर डोंगर आला. ज्या आठवड्यात आमच्या भागात माणसांच्या याद्या होत होत्या, त्या आठवड्यात भिजलेल्या कागदांविषयी बोलायची कुणालाही लाज वाटली असती. काकी काही बोलल्या नाहीत. वर्ष गेल्यावर एकदा मला म्हणाल्या, “बाला, कागुद गेले. आता ते गिरणीत व्हते हे कुणी सांगायचं?”

कुणी सांगायचे? यादीने. दुसरे कोण होते?

माझी नात पुण्याला संगणकशास्त्र शिकते. तिच्या ओळखीच्या काही मुलांनी गिरणगावच्या निरनिराळ्या मंडळांकडून याद्या जमवल्या होत्या. कुठे गिरणीची नावनिशी, कुठे निधीचे उतारे, कुठे जुन्या मतदारयाद्या, कुठे गावोगावच्या मंडळांच्या वर्गणीच्या वह्या टंकून घेतलेल्या. काही दोनदा, काही चारदा आलेल्या. सगळे मिळून दहा गिगाबाइटांच्या घरातला मजकूर. मला आकड्याचा अर्थ कळेना, तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या ग्रंथालयातली मराठीची सगळी कपाटं यात कोंबली तरी जागा उरेल.” ती दिवाळीच्या सुटीत हा सगळा ऐवज एका लहानशा काळ्या डबीत घालून वरंधला घेऊन आली. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. काकींचे एक नाव शोधायचे होते, त्याचे तिसऱ्या दिवशी तीनशे झाले. आजूबाजूच्या वाड्यांतून माणसे चिठ्ठ्या घेऊन यायची. कुणाचा बाप, कुणाचा सासरा, कुणाचा भाऊ.

पहिल्या दिवशी तिने ती फाईल साध्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडायला घेतली तर यंत्राने मान टाकली. मग तिने दुसरी युक्ती केली. फाईल उघडायचीच नाही, आरंभापासून शेवटपर्यंत ओळीमागून ओळ यंत्राच्या नजरेखालून जाऊ द्यायची आणि नाव दिसले की तेवढी ओळ बाहेर काढायची. एका नावाला चार मिनिटे लागत. चार मिनिटे म्हणजे काय मोठेसे? मी म्हटले, तेवढ्यात चहा होतो. पण ती बोटांवर हिशेब मांडू लागली. आपल्याकडे एकच माणूस धोंडू असतो, धोंडिबा असतो, धोंडीराम असतो. कारकुनाच्या कानावर आणि हातावर सगळे अवलंबून. एका नावाची आठ तरी रूपे धरायला हवीत. तीनशे नावे, आठ रूपे, चार मिनिटे: 9600 मिनिटे, म्हणजे 160 तास. रात्रंदिवस यंत्र चालवले तरी आठवडा. आणि वरंधची वीज रात्रंदिवस चालत नाही.

इथे माझ्यातला कार्डवाला जागा झाला. मी तिला विचारले, “हे तुझं यंत्र शोधतं कसं ते मला सांग. त्याशिवाय ते सावकाश का आहे ते कळायचं नाही.” पुढचे दोन दिवस पडवीत आमची शाळा भरली. ती सांगायची आणि मी माझ्या भाषेत समजून घ्यायचो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की भोळे यंत्र प्रत्येक अक्षराशी थांबते. ‘वरंध’ हे नाव शोधायचे तर ते पहिल्या अक्षराशी उभे राहून विचारते, हा व आहे का? नाही. पुढे सरकते. हा व आहे का? 1977 साली बॉयर आणि मूर या दोन अमेरिकनांनी एक गमतीची पद्धत प्रसिद्ध केली. आरंभ बघायचाच नाही, शेवट बघायचा. ‘वरंध’ यंत्राच्या लेखी चार खुणांचे: व, र, अनुस्वार, ध. तर पहिल्या जागेकडे न बघता चौथ्या जागेकडे बघा. तिथे क असेल तर? ‘वरंध’मध्ये क कुठेच नाही, म्हणजे त्या क ला धरून ‘वरंध’ बसूच शकत नाही. चारही जागा एकदम ओलांडा. यातून एक उफराटी गोष्ट निघते. शोधायचा शब्द जितका लांब, तितकी उडी लांब आणि शोध जलद. लहान नावाचा माणूस शोधायला वेळ अधिक, लांबलचक नावाचा लवकर सापडतो! मला हे फार आवडले. नात म्हणाली, हे सगळं यंत्र आपलं आपणच करतं, फक्त त्याला सांगावं लागतं की मी दिलेला शब्द जसाच्या तसा घे, त्यात आणखी काही अर्थ शोधत बसू नकोस. तेवढे सांगितल्यावर चारांची दोन मिनिटे झाली. त्याच्या खाली मात्र येईनात, कारण डबीतला मजकूर बाहेर वाचून काढायलाच तेवढा वेळ लागत होता.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती ऐकून मी हसलोच. तिने विचारले, “आजोबा, तुमच्या लहानपणी टपालवाला एका पत्रासाठी एक फेरी मारायचा का?” म्हटले, छे, सगळी पत्रे पिशवीत घालून गावातून एकदाच जायचा. “मग आपण चोवीसशे फेऱ्या का मारतो आहोत?” आहो आणि कोरासिक या दोघांनी 1975 साली हेच केले. शोधायचे सगळे शब्द आधी एका जाळ्यात गुंफायचे, ज्यांचे आरंभ सारखे त्यांची वाट सारखी, पुढे फाटे फुटतील तिथे फुटतील. मग मजकूर एकदाच वाचायचा. चोवीसशे नावे असोत की एक, फेरी एकच. आणि मला खरा आनंद झाला तो पुढचे ऐकून. हे त्यांनी केले होते ते ग्रंथालयातल्या ग्रंथसूचीच्या शोधासाठी. त्यांच्या निबंधात लिहिले आहे की त्यामुळे तो प्रोग्रॅम पाच ते दहा पट जलद झाला. म्हणजे साता समुद्रापलीकडे माझ्याच जातीचा कुणीतरी कार्डवाला शोधाच्या दिरंगाईने वैतागला होता!

त्या रात्री वीज होती. चोवीसशे रूपांची पिशवी भरून यंत्राने एक फेरी मारली. पाच-सहा मिनिटांत तीनशेपैकी पुष्कळांची नावे पडद्यावर उतरली. पडवीत बसलेली माणसे उठून उभी राहिली. कुणी मोठ्याने वाचून घेत होते, कुणी नुसते बघत होते. एक म्हातारा आपल्या भावाच्या नावाची ओळ चार वेळा वाचवून घेऊन निमूटपणे कंदील घेऊन निघून गेला.

काकांचे नाव आले नाही.

नातीने पुन्हा फेरी मारली. पुन्हा नाही. पडद्यावर शून्य. मी काकींना सांगितले, “काकी, यादीत नाही.” त्या भाताच्या सुपाशी बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “नाय म्हंजे नाव नाय, का घावलं नाय?”

मी चौतीस वर्षे जे कार्डांच्या खणांत शिकलो होतो ते या निरक्षर बाईने एका वाक्यात माझ्यापुढे ठेवले. पूर्वी वाचकाला ‘नाही’ म्हणण्याआधी मी शेजारचे दोन खण चाळत असे. इतक्या वर्षांनी यंत्र हाती आले आणि त्याने इतक्या झटक्यात ‘नाही’ म्हटले की त्या झटक्यालाच मी खरेपणा समजून बसलो. सावकाश आलेल्या ‘नाही’वर आपण शंका तरी घेतो. जलद आलेले ‘नाही’ हे न्यायाधीशाच्या निकालासारखे वाटते.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन शिवथरघळीला गेलो. डोके शांत करायचे होते आणि घळ आमच्या वरंधहून जवळच. समर्थांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी श्रद्धा आहे. ही घळ विस्मरणात गेली होती. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 साली ती पुन्हा उजेडात आणली. जागा जागेवरच होती, पण लोकांच्या स्मरणाच्या यादीतून निसटली होती. धबधब्याचा आवाज कानात भरत असताना मी नातीला म्हटले, दासबोधाची रचना बघ. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, आणि समासातल्या ओव्यांना आकडे. सात हजार सातशे एक्कावन्न ओव्यांतली कुठलीही ओवी तीन आकड्यांत सांगता येते. तुकोबांच्या गाथेला अभंगांची अकारादी सूची असते. पण त्या सूचीत एक खोट आहे. अभंगाचा आरंभ आठवला तरच ती बोलते. मधलीच एक ओळ मनात घोळत असली तर सूची मुकी.

“मग प्रत्येक शब्दाची सूची करायची,” ती म्हणाली.

तेही माणसांनी हातांनी केले आहे. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू नावाच्या धर्मगुरूने मठातल्या बंधूंना कामाला लावून बायबलच्या शब्दांची सूची करविली. आणि इतके दूर कशाला? घाट चढून गेले की पुणे. तिथल्या डेक्कन कॉलेजात 1948 साली डॉ. कत्र्यांनी संस्कृतच्या महाकोशाचे काम आरंभले. सुमारे दीड हजार ग्रंथ विद्वानांनी ओळन् ओळ वाचले आणि शब्दागणिक चिठ्ठी केली: हा शब्द, हा ग्रंथ, हे स्थळ. अशा चिठ्ठ्या एक कोटीच्या घरात गेल्या आणि अकारविल्हे खणांत लागल्या. कोशाचा पहिला खंड यायला 1976 साल उजाडले. त्या खणांपुढे उभा राहून आज कुणी एखादा शब्द पाच मिनिटांत काढतो. ती पाच मिनिटे त्याची नव्हेत. ती अठ्ठावीस वर्षांची आहेत. शोध जलद होतो म्हणजे आधी कुणीतरी सावकाश वाचलेले असते, एवढाच त्याचा अर्थ.

परतताना मी ठरवून टाकले. ज्या गिरणीत काका होते तिची यादी मी सावकाश वाचणार. आख्खी दहा गिगाबाइटे नव्हे, त्या एका गिरणीचे साचेखाते. नातीने ती पाने मोठ्या अक्षरांत लावून दिली. चष्मा पुसून मी बसलो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, डोळे दुखू लागले असताना, काका दिसले.

नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव वरंध, तालुका महाड. माझ्या तोंडातून आवाज फुटेना. मी नातीला बोटाने दाखवले. तिने तेच आडनाव पुन्हा टंकले आणि यंत्राला विचारले. यंत्र म्हणाले, नाही! डोळ्यांसमोर नाव आहे आणि यंत्र म्हणते, नाही.

आमचे आडनाव इथे सांगत नाही, पण त्याच्या मध्यावर ‘कुऱ्हाडी’तला तो ऱ्ह आहे. मराठीत हा एक चंद्रकोरीसारखा वाकडा र आहे, दऱ्याखोऱ्यांतला र. युनिकोड म्हणून जी जागतिक अक्षरसंहिता आहे, तिच्यात हा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका टंकलेखकाने ऱ हे वेगळे अक्षर घेतले आणि त्याचा पाय मोडला. दुसऱ्याने साधा र घेतला, पाय मोडला आणि पुढे एक जोडखूण ठेवली, जी कागदावर उमटतच नाही. दोन्ही छापले की हुबेहूब एक. माणसाला एक, यंत्राला मात्र निराळे. तिसऱ्या कुणी डोक्यावर रफार काढून मोकळे होतो, तो आणखी निराळा. दऱ्यांच्या मुलखातल्या माणसाचे नाव दरीतल्या र ने अडवून धरावे, यात मला त्या क्षणी गंमत वाटली नाही. आज थोडी वाटते.

हे असेच चुकीच्या खणातले कार्ड.

यावर उपाय मला ठाऊक होता, कारण आम्ही कार्डांवर तोच करत असू. वाचकासाठी नाव जसे आहे तसे, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लावण्यापुरते एक ठरीव रूप. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थाने 1918 साली आडनावांना त्यांच्या आवाजावरून खूण द्यायच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. स्पेलिंग कसेही असो, आवाज सारखा तर खण एकच. ती पद्धत इंग्रजीच्या कानाची. आपल्याला मराठीच्या कानाची हवी होती. आम्ही दोघांनी काकींच्या चुलीशी बसून ती ठरवली. ह्रस्व-दीर्घ एकच मानायचे. अनुस्वार आणि पाय मोडलेले न-म एकच. श, ष, स एक. ण आणि न एक. सगळे र एक. न दिसणाऱ्या खुणा सगळ्या पुसायच्या. राव, जी, बा हे शेपूट गाळायचे. उरतो तो नावाचा सांगाडा. मूळ यादीला हात लावायचा नाही. शेजारी एक नवी यादी करायची: हा सांगाडा, ही फाईल, ही ओळ. मग ती सांगाड्यांच्या अनुक्रमाने लावून ठेवायची.

ही सूची करायला यंत्राला सबंध रात्र लागली. मध्ये दोनदा वीज गेली, पण नातीने टप्प्याटप्प्याने काम राखून ठेवले होते. सकाळी यादी तयार झाली तेव्हा शोध म्हणजे काय याचे रूपच पालटले होते. लावलेल्या यादीत कुणी पहिल्या पानापासून वाचत जात नाही. मोल्सवर्थचा कोश आपण कसा उघडतो? मध्यावर. शब्द मागे असला तर मागच्या निम्म्यात, पुढे असला तर पुढच्या निम्म्यात. पुन्हा मध्यावर. दर वेळी निम्मे ओझे टाकायचे. एक कोटी ओळींतले नाव अशाने फार तर चोवीस पावलांत गाठता येते. चार मिनिटांचे काम डोळ्याचे पाते लवायच्या आत होऊ लागले. पण मला त्याहून मोलाचे वाटले ते असे की आता ‘नाही’ला काही अर्थ आला होता. आदल्या फेरीत न सापडलेल्यांतली पंचवीस-तीस नावे सांगाड्यांच्या यादीत भेटली. अर्थात सांगाड्याला सांगाडा मिळाला म्हणजे माणूस तोच असे नव्हे. एकाच सांगाड्याखाली पाच निराळे लोक उभे असत. मग गाव बघायचे, बापाचे नाव बघायचे, आणि शेवटी पडवीतल्या म्हाताऱ्यांना विचारायचे. यंत्राने पाचांपर्यंत आणायचे आणि माणसाने एकावर बोट ठेवायचे, अशी वाटणी झाली. काही नावे तरीही राहिलीच. त्यांना मी ‘यादीत नाही’ असे सांगितले नाही. ‘आमच्या याद्यांत अजून सापडले नाही’ असे सांगितले. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटले असेल. मला वाटत नाही.

काकांची ओळ आम्ही छापून घेतली आणि काकींना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागद उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. “ह्यातलं नाव कंचं?” मी दाखवले. त्यांनी त्या ओळीवर अंगठा फिरवला आणि विचारले, “पुढं काय लिवलंय?” साचेखाते, म्हटले. “आन् गाव?” वरंध. त्यांनी मान हलवली, जणू कुणी खरे बोलतो आहे की नाही याची परीक्षा घेत होत्या. तो कागद अर्जाला जोडला आहे. घर मिळेल तेव्हा मिळेल. काकींचे वय आता सत्त्याऐंशी आहे आणि हे त्यांना माझ्याहून चांगले कळते.

नात पुण्याला परत निघाली त्या दिवशी सकाळी काकी तिच्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “गं बाय, माजं एक नाव बघतीस का त्यात?” नातीने त्यांचे नाव टंकायला घेतले. मतदारयादीत ते असणारच. “ते नाय. ते ह्या घरचं. माज्या बापानं ठिवलेलं.”

मी चकित झालो. उण्यापुऱ्या साठ-पासष्ट वर्षांच्या ओळखीत मला त्या काकी म्हणूनच ठाऊक. लग्नात नवऱ्याने तांदळात नवे नाव लिहिले आणि जुने माहेरच्या उंबऱ्यावर राहिले. ते त्यांनी सांगितले. दोन अक्षरांचे, साधे, नदीच्या नावासारखे नाव. नातीने सांगाडा काढला, वडिलांचे नाव जोडले, माहेरचे गाव जोडले. यंत्राने चोवीस पावले टाकली. शून्य.

असणार तरी कसे? शाळेत त्या गेल्या नाहीत. गिरणीत नव्हत्या. मत देण्याच्या वयाच्या झाल्या तेव्हा त्या नावाच्या राहिल्या नव्हत्या. ज्या भावाने त्या नावाने हाक मारली असती तो वारून वीस वर्षे झाली. हे मात्र खरे ‘नाही’ होते. यादी कितीही नीट लावली आणि शोध कितीही जलद केला तरी जे कुणी कधी लिहिलेच नाही ते कुठून सापडणार?

नातीने माझ्याकडे बघितले. काय सांगायचे ते तिला सुचेना. काकींनीच विचारले, “नाय ना?”

“नाही, काकी.”

“नसंलच,” त्या म्हणाल्या. “म्या आपली बघितली.”

मग त्या उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या. नातीने यंत्र मिटले नाही. वरंधच्या माणसांची जी नवी फाईल आम्ही तयार केली होती ती उघडली, तिच्या शेवटी एक ओळ वाढवली, आणि ते दोन अक्षरांचे नाव, त्यापुढे बापाचे, त्यापुढे गावाचे, असे माझ्याकडून एकेक अक्षर विचारून घेऊन लिहिले. मग सूची पुन्हा एकदा लावली. महाडची गाडी यायला अजून वीस मिनिटे होती.